डोबूची रिकामी होडी

"आँटी, हा आता कुठे चाललाय?" नोरीनने विचारलं आणि माझ्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. प्रश्न इंग्रजीत होता, साधा होता, आणि एका डब्याबद्दल होता. नाताळ आठवड्यावर आला होता, करंज्यांनी घरातले सगळे स्टीलचे डबे भरले होते, म्हणून माझ्या नवऱ्याने, जयदीपने, मला न विचारता माळ्यावरून तो पितळी डबा काढून सिंकमध्ये ठेवून दिला होता. मदत करायची म्हटली की जयदीप नेमकी अशी करतो. नोरीनने तो चिंचेने घासला, धुतला, उलटा केला आणि बुडावरची टिंबाटिंबांची अक्षरं ओल्या बोटाने चाचपत विचारलं, हे काय लिहिलंय. भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत तिला माहीत नव्हती. मी वाचून दाखवलं: 'चि. सुशीलास, मामांकडून, १९६१'. त्याखाली, मशीनच्या बारीक अक्षरांत: 'सौ. अरुणास, आईकडून, मंगळागौर १९९५'. सत्तावीस वर्षं हा डबा माझ्या घरात होता, दिल्लीतल्या आर. के. पुरममधली चार सरकारी क्वार्टर्स त्याने माझ्याबरोबर बदलली, आणि ती दोन नावं मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने वाचली. "तिसरं नाव तुमचं?" तिने विचारलं. म्हटलं, तिसरं नाव नाही, डबा माझा नाही, अरुणाचा आहे, एकेकाळी आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. मग तिने तो प्रश्न विचारला. कुणाचा आहे, असं नाही. कुठे चाललाय. म्हणजे डबा वाटेत होता आणि मी त्याला अडवून बसले होते. छातीत एकदम काहीतरी धडधडायला लागलं आणि मला वाटलं बीपी असेल, पण बीपी नव्हतं. तो आनंद होता, किंवा आनंदाच्या अगदी शेजारी राहणारं काहीतरी, आणि या वयात ते ओळखायला मला पाच मिनिटं आणि दोन जळलेल्या करंज्या लागल्या.

नोरीन आमच्या चर्चमध्ये येते. चोवीस वर्षांची पोरगी, पापुआ न्यू गिनीच्या मिल्न बेमधल्या डोबू नावाच्या बेटावरची. सरकारी शिष्यवृत्तीवर सार्वजनिक आरोग्य शिकायला आली आहे आणि मुनिरकात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहते, जिथे घरमालक तिला अजून 'अफ्रीका वाली मैडम' म्हणतो. तिने त्याला दोनदा मोबाईलवर नकाशा दाखवला. आमचा समुद्र दुसऱ्या बाजूला आहे, काही पूर्वज फार फार जुन्या काळी आले, काही कितीतरी हजार वर्षांनी होड्यांतून आले, मग दोघांची आपापसांत लग्नं झाली, असं सगळं समजावलं. तो म्हणाला, अच्छा, बढ़िया, किराया पाँच तारीख को. हे सांगताना ती स्वतःच हसत सुटते. तर ही नोरीन तो डबा मांडीवर घेऊन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि सांगायला लागली, आणि ती जशी सांगत गेली तशी मी गॅस बंद करून तिच्यासमोर फरशीवरच बसले. तिचे आजोबा, तिच्या भाषेत बुबू, होडीतून दुसऱ्या बेटांवर जायचे. शंखाच्या लाल चकत्यांचे हार आणि पांढऱ्या शिंपल्याची कडी, या दोन वस्तूंसाठी. बेटांचं एक मोठं रिंगण आहे. हार त्या रिंगणात एका दिशेने फिरतात, कडी उलट्या दिशेने. कुणी हार दिला तर आज ना उद्या त्याला कडं द्यायचं. वस्तू कुणाचीच नाही, ती फक्त थोडे दिवस तुमच्याकडे मुक्कामाला असते. मोठ्या हाराला स्वतःचं नाव असतं, आणि तो कुणाकुणाच्या हातून आला ती नावं म्हणून दाखवायची असतात. म्हातारी माणसं अशी वीस-वीस नावं म्हणतात, ती म्हणाली, तुमचा डबा दोन नावं म्हणतो. जो माणूस हार दाबून ठेवतो, पुढे पाठवत नाही, त्याला तिकडे काय म्हणतात ते तिने सांगितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसली, आणि मला तिचा तो शहाणपणा फार आवडला.

आता आमचा नियम तिला कसा समजावायचा, हा माझा प्रश्न. आमचा नियम असा की शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नाही तर वाटीभर साखर घालायची, दोन पेरू टाकायचे, पण रिकामा नाही. हा नियम कुणी शिकवला आठवत नाही. माझी आई अहिल्यानगरची, नगरच म्हणायची ती, मिशनच्या शाळेत मास्तरीण. देवाच्या दहा आज्ञा तिने आम्हाला पाठ करून घेतल्या, आणि ही अकरावी न सांगता अंगात मुरली. तर १९९८च्या जानेवारीत, दिल्लीच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, इशिता झाली. मी खालच्या मजल्यावर आणि अरुणा वरच्या, दोघींचे दिवस बरोबरच भरत आले होते, मी फक्त तीन आठवडे पुढे. नऊ महिने आम्ही दोघी एकमेकींची पोटं बघून जगलो म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी मदर डेअरीच्या रांगेत उभ्या राहायचो तर तो टोकन देणारा सरदारजी म्हणायचा, दोनों बहनजी को पहले दे दो भई. अरुणाची आई, म्हणजे ती १९६१वाली सुशीला, पुण्याहून बाळंतपणाला आली होती आणि आल्या आल्या तिने लेकीसाठी डिंकाचे लाडू करून ठेवले होते. मी आधी बाळंत झाले. पाचव्या दिवशी अरुणा एका हाताने जिन्याचा कठडा धरत, दुसऱ्या हातात हा डबा घेऊन खाली आली, एवढं मोठं पोट घेऊन, आणि म्हणाली, "माझे आहेत, पण तू खा, तुला दूध यायला हवं. माझ्यासाठी आई परत करेल." मी ते लाडू रोज दोन खाल्ले. खारीक, खोबरं, डिंक, थोडं जायफळ, अजून चव आठवते. डबा संपायला आला तेव्हा अरुणाचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. तळाशी राहिलेले दोन लाडू मी खाल्ले की नाही, हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. खाल्ले. इशिता रडत होती, मला भूक लागली होती, मी न्हाणीघरात उभं राहून खाल्ले.

आणि मग डबा परत काय भरून द्यायचा. किती दिवस मी त्या एकाच गोष्टीचा विचार केला असेल. साखर? ज्या घरात असं झालंय तिथे साखर पाठवायची? फळं पाठवली तर वाटेल आजारी माणसाला पाठवली. लाडू तर नाहीच. नुसते गहू म्हणजे ओटी भरल्यासारखं. तांदूळ त्याहून वाईट. रिकामा द्यायचा तर नियम आडवा. मी सेक्शन ऑफिसर आहे, तीस वर्षं मंत्रालयात फायलींवर शेरे मारत आले आहे, मला चांगलं माहीत आहे की फाईल पुढे पाठवायची नसेल तर एक मुद्दा अनिर्णित ठेवायचा. डबा आधी ओट्यावर होता, मग कपाटात गेला, मग माळ्यावर. त्याच पावसाळ्यात अरुणाच्या नवऱ्याची, प्रसन्नची, गुवाहाटीला बदली झाली. सामानाचा ट्रक भरताना मी खिडकीत होते. पुढे ते दिल्लीला परत आले, नोएडात फ्लॅट घेतला, मग प्रसन्न गेले, हे सगळं मला महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळत राहिलं. त्या ग्रुपवर अरुणाही आहे. संक्रांतीला ती तिळगुळाचं चित्र टाकते आणि मीही टाकते, एकमेकींना न टाकता सगळ्यांना. हे सगळं मी नोरीनला फरशीवर बसून सांगितलं, लाडू खाल्ले तेसुद्धा, आणि सांगताना माझा आवाज असा उड्या मारत होता की जयदीप दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "विजया, तू रडतेयस की भांडतेयस?" म्हटलं, काही नाही, तू जा, पेपर वाच.

नोरीनने डबा मांडीवरून उतरवून खाली ठेवला. मग म्हणाली, "आँटी, आमच्याकडे एका आईकडून उतरलेल्या घराण्याला सुसू म्हणतात." म्हटलं, बाई गं, दिल्लीत हा शब्द मोठ्याने म्हणू नकोस. तिला ते आधीच कळलेलं होतं, मुनिरकाच्या पोरांनी कळवलं होतं. पण अर्थ? अर्थ आईचं दूध, ती म्हणाली. डोबूत माणूस बापाचा नसतो, दुधाचा असतो. आई, आईची आई, तिची आई, एक दूध खाली खाली येत राहतं, आणि त्या दुधाच्या माणसांना शेवटी गावाच्या मधोमध एका जागी पुरतात. झालं. हे ऐकलं आणि मला त्या रात्री झोप म्हणून आली नाही, पण दुःखाने नाही, परीक्षेत अचानक उत्तर सुचल्यावर येत नाही तशी. सुशीलाबाईंनी आपल्या लेकीच्या दुधासाठी वळलेले लाडू. ते मी खाल्ले. त्यांचं माझ्यात दूध झालं. ते इशिता प्याली. मग इशिता कुणाची, नोरीनच्या हिशेबाने? मी उठून पाणी प्याले. नगरच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली, कॉन्व्हेंटात शिकलेली, बंगळूरला विमानांच्या पंखांचं काहीतरी करणारी माझी मुलगी थोडी अरुणाच्या आईच्या दुधाची होती. हे खरं आहे का, शास्त्र काय म्हणेल, यातलं मी काहीच विचारात घेतलं नाही. मला ते इतकं बरोबर वाटत होतं की सकाळी ऑफिसला जाताना मी लिफ्टमध्ये एका अनोळखी अंडर सेक्रेटरीला हसून गुड मॉर्निंग केलं आणि तो घाबरला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ग्रुपमधून अरुणाचा नंबर काढला आणि लिहिलं: 'शनिवारी येऊ का? विजया, आर. के. पुरम.' पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. दहा मिनिटांनी बघितलं तर एक अंगठा होता. त्याखाली नोएडा सेक्टर पंचेचाळीसचं लोकेशन. सत्तावीस वर्षांनी एक पिवळा अंगठा. तो रागाचा अंगठा होता का, थकव्याचा होता, की नुसताच बायका हल्ली सगळ्याला टाकतात तसा होता, हे मी तीन दिवस उलटसुलट करून बघितलं. इशिताला पाठवून विचारावंसंही वाटलं. ती म्हणाली असती, आई, इट्स जस्ट ओके.

शनिवारी सकाळी मी डबा कापडी पिशवीत घातला. रिकामाच. तीन दिवस पुन्हा तोच विचार केला होता, आणि पुन्हा काही सुचलं नव्हतं, आणि या वेळी सुचेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं होतं. आर. के. पुरमच्या मेट्रो स्टेशनवर पिशवी स्कॅनरमधून गेली आणि मशीनपाशी बसलेल्या बाईने बोलावलं. "मैडम, ये क्या है इतना बड़ा?" डिब्बा है. "इसमें क्या है?" कुछ नहीं. "खाली डिब्बा?" तिने झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावर असं काय होतं देव जाणे, तिने झाकण अगदी हळू लावून दिलं. नोरीन आधीच्या स्टेशनवरून, मुनिरकाहून, बसली होती. बायकांच्या डब्यात तिने शेजारी आपली पिशवी ठेवून माझी जागा धरली होती. मला तिने म्हटलं होतं की आमच्यात असल्या प्रवासाला एकटं कुणी जात नाही, आणि मला ते ऐकून इतकं सुटल्यासारखं झालं होतं की मी नको म्हणायचं नाटकसुद्धा केलं नाही. पण माझ्या पिशवीतला डबा बघून तिचा चेहरा पडला. "तोच परत नेताय?" म्हटलं, मग काय? ती म्हणाली, नाही, नाही, आँटी. आमच्याकडे मिळालेली तीच वस्तू त्याच माणसाला परत नेली तर त्याचा अर्थ, संपलं. तुझं घे, माझं दे, आता आपली वाट बंद. मी हबकले. म्हणजे आमच्या नियमाने डबा रिकामा नेणं चूक, आणि त्यांच्या नियमाने डबा नेणंच चूक. म्हटलं, अगं मग मी घेऊन काय जाऊ? तेव्हा ती हसली, तिचे ते शुभ्र दात दाखवून, आणि म्हणाली, "काही नाही. जाणारा काही घेऊन जात नाही. बुबूंची होडी जाताना हारांच्या बाबतीत रिकामीच असायची. ज्याच्या घरी जायचं तो देतो. जाणारा मागायला जातो." गाडी हौज खासला थांबली, दारं उघडली, कितीतरी बायका आत आल्या, आणि मी तशीच बसून राहिले. मागायला. सत्तावीस वर्षं मी काय द्यायचं याचा विचार करत होते. मागायचं काय आहे, हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि उत्तर माझ्या इतकं जवळ बसलं होतं की माझे कान तापले.

ओखल्याच्या पुढे कालिंदी कुंज गेलं आणि गाडी यमुनेवर आली. नोरीन काचेला नाक लावून पाणी बघत होती. हे पाणी नाही, हा सगळा साबणाचा फेस आहे, असं मी तिला एरवी सांगितलं असतं, पण ती पाणी ओलांडतोय म्हणून खूश होती आणि मला तिचा आनंद मोडायचा नव्हता. शिवाय मी तिथे नव्हतेच. मी जुन्या क्वार्टरच्या जिन्यात होते. मे महिना, इशिता चार महिन्यांची, लस टोचून घरी आणत होते. वरून अरुणा उतरली. ती सुकली होती, केस बांधलेले नव्हते, हातात दुधाची रिकामी पिशवी. जिना एवढासा. ती एका पायरीवर थांबली, मी एका पायरीवर थांबले, आणि तिने मान पुढे करून माझ्या हातातल्या बाळाकडे बघितलं. आणि मी पदर इशिताच्या तोंडावर ओढला. ऊन लागत होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले आहे. जिन्यात ऊन नव्हतं. माझ्या सासूबाई येशूचं लेकरू, रोज रात्री बायबल वाचायच्या, आणि दर शनिवारी मीठ-मोहरी ओवाळून इशिताची दृष्टही काढायच्या. त्यांनी मला सांगितलं होतं, काही दिवस बाळाला वरचीच्या नजरेपुढे नेऊ नकोस, बिचारीचं मन भरलेलं असेल, नजर लागते. मी शिकलेली बाई. मी त्यांना उत्तर दिलं नव्हतं आणि मनात हसले होते. पण जिन्यात हात माझाच होता.  अरुणा भिंतीला लागून उभी राहिली, मला जागा दिली, आणि मी गेले. साखर की फळं, गहू की तांदूळ, ते सगळं नंतरचं. डबा साखरेपायी अडला नव्हता. गाडी पूल ओलांडून नोएडात शिरली आणि मला घाम आला, भर डिसेंबरात, आणि तरीही, काय सांगू, मनात काहीतरी नाचत होतं. इतकी वर्षं एका कुलपाशी खटपट करावी आणि कळावं की दार कुलूपबंद नाहीच, नुसतं लोटलेलं आहे, तसं काहीतरी झालं होतं.

बोटॅनिकल गार्डनला उतरलो तर नोरीनने मला हात धरून बायकांच्या प्रसाधनगृहात नेलं. म्हटलं, मला जायचं नाहीये. म्हणाली, जायचं नाही, थांबायचं आहे. बुबूंच्या होड्या पोचायच्या आधी अलीकडच्या एका किनाऱ्यावर लागायच्या. तिथे सगळे समुद्रात अंघोळ करायचे, तेल लावायचे, केस विंचरायचे, तोंड रंगवायचे आणि मंत्र म्हणायचे, की समोरच्याने आपल्याला बघितलं की त्याचं मन मऊ व्हावं. बुबू म्हणायचे, घाबरलेल्या तोंडाने जाऊ नये, त्याने यजमानाचा अपमान होतो. मग त्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, हात सुकवायच्या यंत्राच्या घरघरीत, एका डोबूच्या मुलीने माझे केस सोडून पुन्हा विंचरले, स्वतःच्या बटव्यातली लाल लिपस्टिक माझ्या ओठांवर लावली, ती मी आयुष्यात कधी लावली नव्हती. सफाईवाली बाई मॉपला टेकून बघत होती. "शादी में जा रहे हो आप लोग?" तिने विचारलं. मी म्हटलं, हाँ, समझो शादी ही है. "अच्छी लग रही हो," ती म्हणाली, अगदी सरळ. आरशात मला एक सत्तावन्न वर्षांची, लाल ओठांची, थोडी वेडी दिसणारी बाई दिसली आणि मला ती आवडली. मंत्र कोणता म्हणायचा ते नोरीनला येत नव्हतं, तो तिच्या मामांकडे होता. म्हणून आम्ही दोघींनी तिथेच डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हटली, ती तिच्या भाषेत, मी मराठीत, आणि 'आम्हांस आमची ऋणे सोड' ही ओळ मी दोनदा म्हटली. बाहेर आल्यावर ई-रिक्षा केली. अरुणाच्या सोसायटीच्या फाटकाशी नोरीन उतरली आणि बाकावर बसली. पुढचं तुमचं, म्हणाली. तिने कानांत गाणी घातली आणि ऊन खात बसून राहिली.

चौथा मजला. बेल वाजवली. अरुणाने दार उघडलं. केस पांढरे, कापलेले, अंगात तिच्या मुळीच मापाचा नसलेला मरून स्वेटर, बहुतेक प्रसन्नचा. तिने माझ्याकडे बघितलं, मग ओठांकडे बघितलं, आणि तोंडाचा एक कोपरा हलला. "ये," ती म्हणाली. "चहा टाकते. साखर चालते ना, की डायबिटीस?" चालते. तिच्या हॉलमध्ये बसले. टीव्ही बंद होता, गॅलरीत तुळस आणि मनीप्लँट, टेबलावर औषधांची पट्टी. चहा आला. तिने पिशवीकडे बघितलं आणि मीच डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला. अरुणाने तो लगेच उलटा केला नाही. आधी झाकण उघडलं, आत बघितलं, आणि म्हणाली, "रिकामा." मग उलटा करून अक्षरांवर अंगठा फिरवला. तिच्या आईचं नाव तिने ओठांतल्या ओठांत वाचलं. "परत द्यायला आलीस?" म्हटलं, नाही. "मग?" मागायला आले. "काय?" आता मी सगळं पाठ केलेलं होतं, बेटं, हार, कडी, दूध, रिंगण, सगळं एका श्वासात सांगायचं आणि मग तिला हसवायचं, असं ठरवलं होतं. पण त्याआधीच अरुणाने डबा खाली ठेवला. "तुला आठवतं का माहीत नाही," ती म्हणाली, शांतपणे, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "तू जिन्यात तिचं तोंड झाकलंस." आठवतं, मी म्हटलं. "मी खूप वर्षं विचार केला. ऊन असेल. धूळ असेल. तुला शिंक येत असेल. प्रसन्न म्हणायचे, तू उगाच काहीतरी डोक्यात घेतेस, विजया तसली नाही. तुम्हा लोकांत हे असलं नसतं, असंही म्हणायचे." माझ्या समोर तीनही उत्तरं मांडलेली होती, ऊन, धूळ, शिंक, तिनेच मांडून ठेवली होती, मी फक्त एक उचलायचं होतं आणि चहा प्यायचा होता.  "ऊन नव्हतं," मी म्हटलं. "मी झाकलं. तुझी नजर लागेल म्हणून झाकलं. सासूबाईंनी सांगितलं होतं, पण हात माझाच होता. आणि मग डब्यात काय घालायचं ते सुचत नाही, असं मी स्वतःला सांगत बसले. मला माफ कर, अरुणा. एवढंच मागायला आले."

 खालच्या बागेत मुलं बॅडमिंटन खेळत होती, त्यांच्या फुलाचा टपटप आवाज वर येत होता. अरुणाने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. "म्हणजे मी चुकीचं नव्हते समजले," ती म्हणाली, आणि मला आश्चर्य वाटलं, तिच्या आवाजात रागापेक्षा सुटका होती. "सत्तावीस वर्षं मला वाटत होतं, माझंच मन वाईट आहे, मला काहीही दिसतं. तेव्हापासून मी कुणाच्या बाळाकडे नीट बघितलेलं नाही, विजू. बारशाला गेले तरी पाळण्याकडे पाठ करून बसायची. मला भीती वाटायची, खरंच लागत असेल तर." विजू म्हणाली ती. मला तेव्हा कळलं की मी तिच्याकडून नुसता डबाच नेला नव्हता. "कशी आहे ती?" अरुणाने विचारलं, टेबलाकडे बघत. "आता मोठी झाली असेल." मी फोन काढला. शनिवारचे अकरा वाजले होते, इशिता उठलेली असेल नसेल. दोन रिंगांत तिने व्हिडिओ उचलला. केस विस्कटलेले, तोंडात ब्रश. "आई? काय झालं? तू लिपस्टिक लावलीयेस? आर यू ओके?" म्हटलं, मी ओके आहे. "ही कोण?" ही अरुणामावशी. तुझ्या जन्माच्या वेळी हिच्या आईने केलेले लाडू मी खाल्ले होते, तू त्यांच्यावर वाढलीस. "ओह," इशिता म्हणाली, मग काहीतरी कळल्यासारखं करून तोंडातला ब्रश बाहेर काढला. "नमस्ते मावशी. थांबा, तोंड धुऊन येते." अरुणाने घाईने मान खाली घातली, हात असा डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाली, "राहू दे, राहू दे, झालं बघून." नाही, मी म्हटलं. मी खुर्ची सरकवून तिच्या शेजारी गेले, तिचा हात धरून खाली केला आणि फोन तिच्या तोंडासमोर आणला. इशिता परत आली, ओला चेहरा, सगळा उघडा, खिडकीचं ऊन त्याच्यावर पडलेलं. "बघ," मी म्हटलं. "डोळे भरून बघ." अरुणाने मान वर केली आणि बघायला लागली. तिने किती वेळ बघितलं मला माहीत नाही. माझा हात भरून आला, तरी मी फोन तसाच धरून ठेवला.